साठ अंशांच्या कोपऱ्यातली दोन वर्तुळं

सरांची पट्टी स्टीलची होती, एक फुटाची, आणि तिच्या एका कडेला पिवळट थर साचला होता. तो थर कशाचा, हे मला नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. सर बोलता बोलता ती कॉलरमधून आत सरकवत, डोळे अर्धे मिटून पाठ खाजवत, आणि बाहेर काढून तीच पट्टी समोरच्या विद्यार्थ्याच्या वहीवर ठेवत. आकृती मोजायला.

अकोल्यातल्या त्या कोचिंग क्लासमध्ये मी डाउट काउंटरवर बसायचे. गणितात एम.एस्सी. करून अमरावतीहून आले होते. फळ्यासमोर उभं राहून शंभर जणांना शिकवणं मला जमलं नसतं, आणि ते मी मुलाखतीत न सांगताच त्यांना दिसलं असावं. काउंटर म्हणजे जिन्याखाली टाकलेलं एक टेबल. त्याच्या सनमायक्यावर चहाचे इतके गोल डाग होते की हात टेकवला की चिकटायचा. मुलं रांगेत यायची, अडलेलं गणित दाखवायची, मी ते रजिस्टरमध्ये सोडवून द्यायचे. खाली माझी सही, विद्यार्थ्याची सही. शेजारी वॉश बेसिन होतं. सर दर तासाला तंबाखूचा खर्रा थुंकायला तिथे यायचे. पाणी सोडायचे, पण पुरेसं नाही.

माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. घरी सगळे वऱ्हाडीत बोलतात, मी पुस्तकासारखं बोलते. ‘मले’ माझ्या तोंडातून येत नाही, आणि आणायचा प्रयत्न केला तर लोक हसतात. त्यामुळे मी कमी बोलते. सरांना ते सोयीचं होतं. नव्या पालकांना ते माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, या मॅडम इंग्लिश मीडियमच्या आहेत. एखादी नवी मशीन दाखवावी तसं.

सरांची एक पद्धत होती आणि तिच्यामुळेच क्लास चालायचा, असं ते स्वतः म्हणायचे. परीक्षेत चार पर्याय असतात. भूमितीचं गणित सोडवत बसायचं नाही. छापलेली आकृती मोजायची, दिलेल्या लांबीशी ताडून पाहायची आणि जवळचा पर्याय भरायचा. याला क्लासमध्ये ‘पट्टी मारणं’ म्हणत. खऱ्या परीक्षेत पट्टी नेता येत नाही, असं एकदा कुणीतरी म्हणालं, तर सरांनी बोटाच्या पेरांनी मोजून दाखवलं. मुलं खूश झाली. मी जिन्याखालून ते ऐकत होते. हरकत मी तेव्हा घेतली नाही.

त्या वर्षी अकरावीची एकच मोठी बॅच होती, सकाळची. पहिल्या मोठ्या टेस्टनंतर तिचे दोन भाग होणार होते. वरचे चाळीस जण सकाळी, स्वतः सरांकडे. उरलेले संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ, मोठ्या हॉलमध्ये, सरांना पडद्यावर बघत.

बार्शीटाकळीहून एक मुलगी यायची. तिचे वडील भाजीवाले, पहाटे अकोल्याच्या बाजारात माल आणायचे. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, यांच्या जुड्यांच्या मधे ती ऑटोत बसून यायची, वडील तिला क्लासच्या दारात उतरवून पुढे जायचे. तिच्या बोटांची टोकं हिरवी असत, कारण अर्ध्या जुड्या तीच बांधायची. दप्तराला सांबाराचा वास यायचा. पुढच्या बाकावरच्या मुली तो वास आला की आपापसात ‘भेळ आली’ म्हणायच्या. तिने पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं की सकाळची बॅच मिळाली तर ठीक, नाहीतर क्लास बंद. संध्याकाळी आणायला-न्यायला कुणी नव्हतं आणि अंधारात एकटीने यायला घरचे हो म्हणणार नव्हते. तिने हे रडून वगैरे सांगितलं नाही. एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

टेस्ट गुरुवारी झाली. शुक्रवारी उत्तरांची यादी, जिला क्लासमध्ये ‘आन्सर की’ म्हणत, भिंतीवर लागली, आणि दुपारी ती काउंटरवर आली.

गणित असं होतं. साठ अंशांचा एक कोन. त्याच्या दोन्ही भुजांना स्पर्श करणारी दोन वर्तुळं, कोपऱ्याजवळ लहान आणि त्याच्या पुढे मोठं, एकमेकांना चिकटलेली. लहानाची त्रिज्या चार. मोठ्याची किती? पर्याय होते सहा, आठ, बारा, सोळा. कीमध्ये आठ होतं.

“मॅडम, मले बारा येऊन राह्यलं,” ती म्हणाली.

मी सोडवायला घेतलं. कोनाचा दुभाजक दोन्ही वर्तुळांच्या मध्यांमधून जातो, म्हणजे खाली तीस अंश उरतात. लहान वर्तुळाच्या मध्यापासून भुजेला समांतर एक रेघ ओढली की एक काटकोन त्रिकोण तयार होतो. त्याचा कर्ण म्हणजे दोन मध्यांमधलं अंतर, दोन त्रिज्यांची बेरीज. समोरची बाजू म्हणजे दोन त्रिज्यांची वजाबाकी. तीसची साइन अर्धी. म्हणजे वजाबाकीची दुप्पट बरोबर बेरीज. मोठी त्रिज्या बारा. तीन ओळींत संपलं. दोन वर्तुळं एका बिंदूत नुसती टेकलेली असतात, आणि एक साइन घातली की दोघांमधलं सगळं नातं उघडं पडतं. मला अशी गणितं फार आवडतात. त्या टेबलावर, त्या बेसिनच्या वासात, पाच-सात सेकंद मला बरं वाटलं.

तिचंही हेच होतं, अक्षर फक्त वाकडं. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. तिचे पाच गुण गेले होते. सरांना विचारून सांगते, असं मी तिला म्हटलं.

सर केबिनमध्ये समोसा खात होते. मी वही पुढे केली आणि बारा येतंय म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्या तीन ओळींकडे पाहिलंच नाही. तेलकट बोटांनी छापील नोट्स ओढल्या, पट्टी ठेवली, लहान वर्तुळाची त्रिज्या मोजली, एक सेंटीमीटर. मोठ्याची मोजली, दोन. चारचे आठ. कागदावर पट्टीच्या कडेचा तो पिवळा थर थोडा उतरला. मी तिकडे बघत राहिले.

आकृती साठ अंशांची काढलेलीच नाही, असं मी हळू आवाजात सांगितलं. खाली काउंटरवर मी कोनमापक लावून आले होते. चाळीसच्याही जरा कमी होता. नोट्स टाइप करणाऱ्या माणसाने जागेत बसेल तसा कोन ओढला, त्यात बसतील तशी वर्तुळं टाकली, आणि सरांनी त्याच्यावर पट्टी मारून उत्तर छापलं. गणितात साठ लिहिलं आहे, हे कुणी वाचलंच नव्हतं.

सर हसले. म्हणाले, “इंग्लिश मीडियमवाल्यांचं असंच असते. डोळ्यानं दिसून राह्यलं तरी पटत नाई.”

मग गंभीर होऊन त्यांनी सांगितलं की काउंटरवरून ‘की चुकली’ असं कधी जाता कामा नये, पोरांचा विश्वास उडतो. पोरीला आठचं सोल्युशन लिहून द्या. छान, एकेक स्टेप दाखवून.

आणि मी लिहून दिलं. हे लिहिताना आजही मला स्वतःची शिसारी येते, म्हणून नीट सांगते, काय केलं ते. लहान वर्तुळाच्या मध्यापासून भुजेवर लंब टाकला, तो चार. कोन तीस. साइन तीस बरोबर चार भागिले कोपऱ्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. ते अंतर आठ येतं. इथपर्यंत एक अक्षरही खोटं नाही. आकृतीत आठ खरंच आहे, फक्त ते मोठ्या वर्तुळाची त्रिज्या नाही. त्याच्या खाली मी लिहिलं, ‘म्हणून मोठ्या वर्तुळाची त्रिज्या = ८’, दोन रेघा मारल्या आणि सही केली. चार मिनिटंही लागली नाहीत. न येणाऱ्या माणसाला ते जमलंच नसतं. ज्याला गणित येतं त्यालाच इतकं स्वच्छ खोटं लिहिता येतं.

शनिवारी सकाळी ती रजिस्टर उघडून काउंटरसमोर उभी राहिली. मागे आठ-दहा जणांची रांग. ती बोटाने एकेक ओळ वाचत गेली आणि शेवटच्या ओळीवर तिचं हिरवं बोट थांबलं. म्हणाली, हे आठ तर कोपऱ्यापासून लहान्याच्या मध्यापर्यंत आहे. मोठ्याची त्रिज्या कशी काय झाली?

मी म्हटलं, कीमध्ये आठ आहे.

“तुमाले किती आलं होतं, मॅडम?”

मी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि म्हटलं, “पुढचा.”

पुढचा मुलगा आला. ती बाजूला झाली. रजिस्टरमध्ये तिने सही केली नाही. ती जागा कोरीच राहिली.

त्या दुपारी क्लास रिकामा झाल्यावर मी पहिल्या मजल्यावरच्या वर्गात जाऊन बसले. बाकाखाली च्युइंग गम चिकटवलेले होते, गुडघ्याला लागत होते. सरांना साइन पटत नाही, पट्टी पटते. मग पट्टीचंच होऊ दे, असं ठरवून मी कोऱ्या कागदावर टोकदार पेन्सिलने कंपास लावून नेमका साठचा कोन काढला. दुभाजक काढला. कोपऱ्यापासून दोन सेंटीमीटरवर मध्य घेऊन एक सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ, सहा सेंटीमीटरवर मध्य घेऊन तीनचं. दोन्ही वर्तुळं दोन्ही भुजांना टेकली आणि एकमेकांना एका बिंदूत भेटली. मी तो कागद खिडकीशी धरून पाहिला, कुठेही फट नव्हती.

सरांनी तो कागद तीनदा मोजला. एकास तीन. चारचे बारा. खर्रा चघळणं थांबलं. मला वाटलं, झालं, आता पटलं.

पटलंच होतं. म्हणाले, भारी काढलं मॅडम. मग म्हणाले की फ्लेक्स छापायला गेला.

वरच्या चाळीस जणांचे फोटो असलेला फ्लेक्स चौकात लागणार होता. मधे सर, हात जोडून, सगळ्यांच्या चौपट मोठे, आणि भोवती चाळीस चेहरे. उत्तर बदललं तर आठ लिहिणारे सगळे खाली येणार, बारा लिहिणारे वर जाणार, यादी बदलणार, चेहरे बदलणार. त्यातल्या काही मुलांच्या वडिलांनी फोटो स्वतः स्टुडिओत काढून पाठवले होते, आता त्यांना काय सांगायचं? पुढच्या छपाईला दुरुस्त करू, असं म्हणत त्यांनी माझा कागद घडी घालून खिशात ठेवला. मी तो परत मागितला नाही.

सोमवारी यादी लागली. ती एक्केचाळिसावी होती.

मंगळवारी तिचे वडील आले. मला केबिनमध्ये बोलावलं गेलं. नव्या प्रवेशासाठी आलेले दोन पालक खुर्च्यांवर बसले होते. त्यांच्यासमोर समोशांची बशी, चटणीत एक माशी रुतून पाय हलवत होती. तिचे वडील उभे होते. पायजम्याच्या कडेला चिखल वाळलेला होता म्हणून बसले नसावेत, किंवा त्यांना कुणी बसा म्हटलं नसावं. मुलगी दाराबाहेर दप्तर छातीशी धरून उभी होती. सरांनी माझी ओळख करून दिली. मॅडम एम.एस्सी. आहेत, अमरावतीच्या, इंग्लिश मीडियम. यांनी स्वतः सोल्युशन लिहून दिलं पोरीला, आता मॅडमच समजावून सांगतील भाऊंना.

सरांचा खिसा माझ्या डोळ्यांसमोर होता. त्यात माझा कागद होता की नव्हता, कोण जाणे.

वडील माझ्याकडे वळले. “मॅडम, मले हे वर्तुळ-बिर्तुळ समजत नाई. पोरीचं उत्तर बरोबर होतं का चूक? एवढंच सांगा.”

मी चटणीकडे पाहत राहिले. माशीचे पाय अजून हलत होते. मी काहीतरी म्हणाले, ते मलाही ऐकू आलं नाही.

“काय म्हणलं?”

“बरोबर होतं,” मी म्हटलं. आणि सर माझ्याकडे पाहत होते म्हणून पुढचंही बाहेर पडलं, “रजिस्टरमध्ये मी लिहिलं ते चूक आहे.”

खुर्च्यांवरचे दोघे एकमेकांकडे बघायला लागले. सर मात्र लगेच हसले. हसण्यात त्यांना कधी वेळ लागत नसे. प्रिंटिंग मिस्टेक आहे, होते कधी कधी, म्हणाले. पण आता यादी लागली, चौकात फ्लेक्स लागला, काय करता.

“फ्लेक्सवर फोटो नाई पायजे मले. बाकावर जागा पायजे.”

“बाक फुल आहेत ना भाऊ.”

“मंग भुईवर बसन ते.”

नव्या पालकांपैकी एक बाई सरांकडे पाहत होत्या, आता हे काय म्हणतात, अशा चेहऱ्याने. सरांनी तो चेहरा पाहिला, आणि मोठ्या मनाने हात हलवला. बसू द्या, मॅडमच म्हणतात तर बसू द्या.

मी केबिनमधून बाहेर आले तेव्हा वाटलं होतं की निदान ते दोघं माझ्याकडे बरं बघतील. वडिलांनी पायात चपला सरकवल्या आणि थांबून विचारलं, “शनिवारी पोरीनं विचारलं, तवा काहून नाई सांगितलं?”

रागाने नव्हे. जुडी हातात घेऊन आतून सडकी आहे का पाहावं, तसं. मग ते निघून गेले. मुलीने मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळच्या बॅचमध्ये बसायला लागली. भुईवर नाही, दाराशी एका प्लास्टिकच्या स्टुलावर, चपलांच्या रॅकला लागून. एसी वर्गात चपला बाहेर काढाव्या लागत. चाळीस जणांच्या ओल्या चपला-बुटांचा वास त्या कोपऱ्यात इतका दाटलेला असे की तिथून जाताना मी श्वास धरायचे. ती तिथे तीन तास मांडीवर वही ठेवून लिहायची.

सरांनी मला काढून टाकलं नाही. मी वाट पाहत होते. उलट आठवड्याभरात माझी आकृती मला पडद्यावर दिसली. सरांनी कागदाचा फोटो काढून घेतला होता आणि संध्याकाळच्या मुलांना ते नवी पद्धत सांगत होते. आधी कंपासने अचूक आकृती काढा, मगच पट्टी मारा. साइनचं नाव नव्हतं. माझं तर नव्हतंच. नंतर त्यांनी स्पर्श करणाऱ्या वर्तुळांची सगळी गणितं माझ्यासमोर टाकली, सगळ्यांच्या आकृत्या अशाच अचूक काढून द्या म्हणाले. मी काढल्या. घरी फोनवर काम चांगलं चाललंय असं सांगितलं.

दोन महिन्यांनी दुसरी मोठी टेस्ट झाली. या टेस्टवर चाळीस जणांची नवी यादी लागणार होती. प्रश्न जुन्याच नोट्समधून घेतले होते, कारण नव्या छापायच्या राहून गेल्या होत्या, आणि साठ अंशांचं ते गणित पुन्हा आलं, त्याच चुकीच्या आकृतीसह. कीमध्ये आठच होतं. सरांच्या ते लक्षात नव्हतं. मी लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, राहू द्या, एका प्रश्नानं काय होते.

पेपर आम्ही हाताने तपासायचो. पुठ्ठ्याला बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडलेली असत. तो पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा आणि भोकातून दिसतील तेवढी काळी वर्तुळं मोजायची. तिची उत्तरपत्रिका माझ्याच गठ्ठ्यात आली. त्या प्रश्नाचं भोक काळं होतं. मी पुठ्ठा उचलून पाहिलं. तिने आठ भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती काउंटरवरून जात असताना मी तिला हाक मारली. मी स्वतःहून कुणाला हाक मारल्याचं मला त्या नोकरीत एवढंच आठवतं. विचारलं, ते गणित विसरलीस का?

“नाई. बाराच येते.”

“मग आठ का भरलंस?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू काउंटरच्या त्या बाजूला मी बसले आहे आणि डाउट माझाच आहे.

“बारा भरलं की बाबाले यावं लागते, मॅडम,” ती म्हणाली. “एक दिवसाचा बाजार बुडते त्यांचा.”

तेवढं सांगून ती जिना चढून वर गेली. टेबलावर तिची उत्तरपत्रिका होती. मी पुठ्ठा पुन्हा नीट बसवला आणि त्या प्रश्नाला चार गुण दिले. यादीत ती नववी आली आणि तिला बाकावर जागा मिळाली.